पिको बोर्ड आणि जीपी२०४०-सीई फर्मवेअर वापरून आर्केड कंट्रोलर कसा बांधायचा

आर्केड कंट्रोलरच्या आत बघण्यासारखं फार काही नसतं. दाबल्यावर दोन तारा एकमेकींना जोडणारी बटणं, तेच काम चार दिशांना करणारा जॉयस्टिक, आणि कोणती तार जोडली गेली ते ओळखून यूएसबीवरून कॉम्प्युटरला किंवा कन्सोलला कळवणारा एक छोटा बोर्ड. बटणं आणि जॉयस्टिक अनेक वर्षांत फारसे बदललेले नाहीत. बोर्डाच्या बाबतीत मात्र पर्याय मुख्यतः दोनच असायचे: एक तर महागडा, बंद फर्मवेअरचा (फर्मवेअर म्हणजे बोर्डात भरलेला प्रोग्रॅम) बोर्ड, नाहीतर 'झिरो डिले' नावाने विकला जाणारा स्वस्त एन्कोडर, म्हणजे बटणांचे संकेत यूएसबीवर पाठवणारा बोर्ड. जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड आला, त्यावरच्या आरपी२०४० चिपसाठी जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर तयार झालं, आणि आता घरी कंट्रोलर बांधणाऱ्याने आधी याच जोडीचा विचार करावा.

झिरो डिले बोर्डाची अडचण त्याच्या वेगात नाही. तो कॉम्प्युटरला साधा 'जेनेरिक जॉयस्टिक' म्हणून दिसतो आणि आजचे बरेचसे गेम एक्सबॉक्स पद्धतीचा, म्हणजे एक्सइनपुट कंट्रोलर शोधत असतात. मग बटणांची अदलाबदल होते किंवा गेमला कंट्रोलर दिसतच नाही, आणि बोर्डाचं फर्मवेअर बदलता येत नसल्याने तिथेच अडकून पडायला होतं. जीपी२०४०-सीई घातलेला पिको त्याच वायरिंगवर एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर, निन्टेंडो स्विच, पीएस३, पीएस४ किंवा कीबोर्ड अशी हवी ती ओळख घेतो. कोणत्या पिनला कोणतं बटण हेही सेटिंगमधून बदलता येतं, म्हणजे एखादी तार चुकीच्या जागी सोल्डर झाली तरी ती उपसून काढायची गरज नाही. फर्मवेअर एमआयटी परवान्याखाली असल्याने कोड उघडून बघायला, बदलायला आणि स्वतःच्या बोर्डासाठी वापरायला पूर्ण मोकळीक आहे.

काय काय आणायचं

पहिल्या कंट्रोलरसाठी मूळ पिको घ्या, शक्यतो पिन आधीच लावलेला 'पिको एच'. पिको डब्ल्यू चालतो, पण त्याची फर्मवेअर फाइल वेगळी असते, आणि त्यावर वायफाय आहे म्हणून कंट्रोलर वायरलेस होत नाही. पिको २ ची चिपच वेगळी आहे, त्यामुळे पिकोची फाइल त्यावर चालणार नाही. टाइप-सी पोर्ट असलेले स्वस्त नकली पिकोही मिळतात. त्यांतल्या काहींवर पिनांची जागा आणि ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) पिनांची संख्या वेगळी असते. ते घेतले तर मूळ पिकोचा नकाशा बाजूला ठेवा आणि बोर्डावर छापलेलं नाव वाचूनच तार जोडा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत पिको, तारा, लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची पकड), श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) असा इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा माल मिळतो. आर्केडची चांगली बटणं मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागतात.

बाकीचा माल असा. ३० मि.मी.ची ८ बटणं, स्टार्ट, सिलेक्ट आणि होमसाठी २४ मि.मी.ची ३, आणि एक जॉयस्टिक. सानवा या जपानी कंपनीचा जेएलएफ जॉयस्टिक घेतलात तर त्याची पाच तारांची केबल सोबत घ्या. २४ एडब्ल्यूजीची (एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप) अनेक तारांची मऊ वायर: रंगीत ५ मीटर, काळी २ मीटर. बटणांच्या टोकांना बसणारे ३० लग, म्हणजे ११ बटणांचे २२ आणि बाकीचे वाया जाणाऱ्यांसाठी. शिवाय लग दाबायची क्रिम्पिंगची पक्कड, सोल्डरिंग गन, मल्टीमीटर आणि डेटा जाणारी मायक्रो यूएसबी केबल.

लग घेताना माप बघा. सानवा पद्धतीच्या बटणांची पाती २.८ मि.मी.ची असते, अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचवाल्या बटणांची ४.८ मि.मी.ची. मोठा लग लहान पातीवर चिमटून बसवला तर आठवड्याभरात सैल होतो आणि ऐन कॉम्बोच्या मध्ये बटण दगा देतं. वायर जाड घ्यायचा मोहही टाळा. एका बटणातून १ मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाहूनही कमी विद्युतप्रवाह जातो, त्यामुळे जाड तारेचा फायदा शून्य. उलट ग्राउंडच्या साखळीत एकाच लगमध्ये दोन तारा कोंबाव्या लागतात आणि २.८ मि.मी.च्या लगमध्ये दोन जाड तारा नीट दाबल्या जात नाहीत.

खोक्याचं थोडक्यात

वरचा पत्रा किंवा ॲक्रिलिक २ ते ३ मि.मी.चं असेल तर खटकन बसणारी बटणं चालतात. प्लायवूड असेल तर मागून नट आवळायची, स्क्रूची बटणं घ्या; खटक्याची बटणं जाड लाकडात धरत नाहीत. दोन बटणांच्या मध्यबिंदूंमध्ये ३६ मि.मी. अंतर ठेवा, कारण ३० मि.मी.च्या बटणाची वरची कड ३३ मि.मी.हून थोडी मोठी असते. लाकडाला ३० आणि २४ मि.मी.चे फोर्स्टनर बिट (मोठी गोल भोकं पाडायचे ड्रिल बिट) वापरा. ॲक्रिलिकला स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा बिट) लावा, दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप चिकटवा आणि वेग कमी ठेवा, नाहीतर शेवटच्या क्षणी कड तडकते. आत निदान ५० मि.मी. मोकळी खोली हवी.

बटणं बसवल्यावर, एकही तार जोडण्याआधी, झाकण पालथं करून प्रत्येक बटणाशेजारी मार्करने त्याचं नाव लिहा. पालथ्या बाजूने सगळी मांडणी आरशासारखी उलटी दिसते. वरून डावीकडचं बटण खालून उजवीकडे येतं आणि नेमक्या याच कारणाने आठच्या आठ तारा उलट्या जोडल्या जातात.

आधी बोर्ड, मग वायरिंग

सोल्डरिंग गन तापवण्याआधी फर्मवेअर चढवून बोर्ड तपासा. सगळं जोडून झाल्यावर काही चाललं नाही तर दोष तारेत आहे, बटणात आहे की बोर्डात, ते शोधण्यात दिवस जातो.

जीपी२०४०-सीईच्या प्रकल्पाच्या पानावरून पिकोसाठीची यूएफ२ फाइल उतरवा. पिकोवरचं पांढरं बूटसेल बटण दाबून धरा, तसंच धरून केबल कॉम्प्युटरला लावा, मग सोडा. 'आरपीआय-आरपी२' नावाचा ड्राइव्ह दिसेल. यूएफ२ फाइल त्यात ओढून टाका. ड्राइव्ह आपोआप गायब होतो, आणि तसंच व्हायला हवं: बोर्ड रीस्टार्ट होऊन कंट्रोलर म्हणून उभा राहतो. ड्राइव्ह दिसलाच नाही तर आधी केबल बदला. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावर आधी दुसरं फर्मवेअर असेल तर 'फ्लॅश न्यूक' ही यूएफ२ फाइल टाकून मेमरी पुसा आणि मग जीपी२०४०-सीई चढवा. जुन्या सेटिंगचे अवशेष राहिले की बटणं विचित्र वागतात.

आता वायरचा एक तुकडा घ्या. एक टोक ग्राउंडच्या पिनला टेकवा, दुसरं एकेका जीपी पिनला, म्हणजे बटणं जोडायच्या, 'जीपी' क्रमांकाच्या पिनला. विंडोजवर 'रन'मध्ये 'जॉय डॉट सीपीएल' लिहून उघडणाऱ्या खिडकीत, किंवा ब्राउझरमधल्या कोणत्याही गेमपॅड टेस्टरवर, बटण पेटलेलं दिसायला हवं. प्रत्येक पिनला आतून एक रोध ३.३ व्होल्टकडे ओढून धरतो. ती पिन ग्राउंडला जोडली की व्होल्टेज खाली येतं आणि फर्मवेअर त्याला 'बटण दाबलं' असं समजतं. संपूर्ण कंट्रोलर एवढ्याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच बटणाला प्लस-मायनस नसतं. दोन टोकांपैकी कोणतंही एक ग्राउंडला, दुसरं पिनला.

३६ नंबरची पिन ३.३ व्होल्टची आणि ४० नंबरची ५ व्होल्टची आहे. तपासताना यांना ग्राउंडचा स्पर्श होऊ देऊ नका, आणि ५ व्होल्ट कोणत्याही जीपी पिनला कधीही देऊ नका. आरपी२०४० ३.३ व्होल्टवर चालणारी चिप आहे.

पिनांचा नकाशा

इथे हमखास होणारा घोळ म्हणजे जीपी क्रमांक आणि पिनचा क्रमांक एकच समजणं. पिकोच्या कडेने मोजलं तर पिना १ ते ४० आहेत, पण जीपी २ ही मोजणीतली ४ नंबरची पिन आहे. पिकोसाठी फर्मवेअरमध्ये आधीच ठरलेली मांडणी अशी:

वर: जीपी २ (पिन ४)
खाली: जीपी ३ (पिन ५)
उजवीकडे: जीपी ४ (पिन ६)
डावीकडे: जीपी ५ (पिन ७)
खालच्या रांगेत डावीकडून: बी१ जीपी ६ (पिन ९), बी२ जीपी ७ (पिन १०), आर२ जीपी ८ (पिन ११), एल२ जीपी ९ (पिन १२)
वरच्या रांगेत डावीकडून: बी३ जीपी १० (पिन १४), बी४ जीपी ११ (पिन १५), आर१ जीपी १२ (पिन १६), एल१ जीपी १३ (पिन १७)
सिलेक्ट: जीपी १६ (पिन २१)
स्टार्ट: जीपी १७ (पिन २२)
होम: जीपी २० (पिन २६)

बी१ म्हणजे एक्सबॉक्सचं ए किंवा प्लेस्टेशनची फुली, बी२ म्हणजे बी किंवा गोल, बी३ म्हणजे एक्स किंवा चौकोन, बी४ म्हणजे वाय किंवा त्रिकोण. एल१, एल२, आर१ आणि आर२ ही साध्या कंट्रोलरच्या वरच्या कडेवरची डावी-उजवी बटणं. उजवी दिशा डावीच्या आधी येते हे लक्षात ठेवा; इथे हात सवयीने उलटं जोडतो. ग्राउंडच्या पिना ३, ८, १३, १८, २३, २८ आणि ३८.

ग्राउंडची साखळी

प्रत्येक बटणाच्या एका टोकाला स्वतःची रंगीत तार, जी थेट तिच्या पिनला जाते. दुसरं टोक काळ्या तारेला. या काळ्या तारा अकरा वेगवेगळ्या पिनांना न्यायच्या नाहीत. एका बटणावरून पुढच्यावर, तिथून त्याच्या पुढच्यावर, अशी साखळी करायची. सुमारे १० सें.मी.चे तुकडे कापा, दोन तुकड्यांची सोललेली टोकं एकत्र पिळून एका लगमध्ये दाबा आणि प्रत्येक लग दाबून झाला की तार ओढून बघा. हाताने ओढून सुटणारा लग खेळताना सुटणारच.

ही साखळी एका टोकाने बोर्डाला जोडली तर मधला एक लग निखळताच त्यापुढची सगळी बटणं एकदम मरतात. म्हणून साखळीची दोन्ही टोकं बोर्डावरच्या दोन वेगवेगळ्या ग्राउंड पिनांना न्या. मग कडं तयार होतं आणि एका ठिकाणी तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळत राहतो. यासाठी फक्त एक जादा तार लागते. तरीही बहुतेक जण हे करत नाहीत, याचं वाईट वाटतं.

स्वस्त बटणांना आणि जॉयस्टिकना कधी कधी तीन टोकांचे मायक्रोस्विच असतात: सी (सामाईक), एनओ (दाबल्यावर जोडलं जाणारं), एनसी (दाबल्यावर तुटणारं). ग्राउंड सी ला, पिनची तार एनओ ला. एनसी वापरलं तर बटण न दाबताच दाबलेलं दिसतं आणि दाबलं की सुटतं. दिव्याची बटणं घेतली असतील तर दिव्याची दोन टोकं वेगळी असतात. ती जीपी पिनला लावू नका.

जेएलएफच्या पाच तारांपैकी एक सामाईक ग्राउंड असते आणि बाकीच्या चार दिशांच्या. रंगांवर विसंबू नका, कारण जॉयस्टिक खोक्यात कसा फिरवून बसवला त्यावर दिशा बदलतात. मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असतील तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, जॉयस्टिक एकेका दिशेला ढकला आणि कोणत्या दोन तारांत बीप वाजते ते टिपून घ्या. चार सुटे मायक्रोस्विच असलेल्या जॉयस्टिकमध्ये दांडा मधल्या टेकूवर झुलतो, त्यामुळे वर ढकललं की खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो. 'वर'ची तार त्या खालच्या स्विचला जाते.

सेटिंगचं पान

फर्मवेअरचं सेटिंगचं पान बोर्डातच आहे, इंटरनेट लागत नाही. केबल काढा, स्टार्ट दाबून धरा, केबल लावा. मग ब्राउझरमध्ये एचटीटीपीने १९२.१६८.७.१ हा पत्ता उघडा. स्टार्टचं बटण अजून जोडलेलं नसेल तरी अडत नाही. स्टार्टची पिन २२ आणि ग्राउंडची पिन २३ अगदी शेजारी आहेत. त्या दोन्हींवर चिमटा आडवा धरून केबल लावली की झालं.

पान उघडत नसेल तर ब्राउझर पत्त्याला आपोआप एचटीटीपीएस लावतोय का ते बघा, व्हीपीएन बंद करा, आणि यूएसबी हबमधून लावलं असेल तर थेट कॉम्प्युटरला लावा. प्रत्येक पानावर बदल केल्यावर सेव्ह दाबायलाच हवं. न दाबता पान बदललं तर बदल जातो आणि सेटिंग लागत नाही असा गैरसमज होतो. काम झालं की त्याच पानावरून कंट्रोलर मोडमध्ये रीबूट करा.

मोड निवडायला केबल लावताना बटण धरायचं: बी१ धरल्यास स्विच, बी२ धरल्यास एक्सइनपुट, बी४ धरल्यास पीएस४. निवड लक्षात राहते, दर वेळी धरायची गरज नाही. कॉम्प्युटरसाठी, रेट्रो गेमसाठी वापरायच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठीही, एक्सइनपुट ठेवा.

डिबाउन्सकडे थोडं लक्ष द्या. धातूचे दोन संपर्क एकमेकांना भिडताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकदा दाबलेलं बटण दोनदा दाबल्यासारखं मोजलं जाऊ शकतं. डिबाउन्स ती थरथर गाळतो. चांगल्या बटणांना ५ मिलिसेकंद पुरतात. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची असते. तेव्हा आकडा उगाच वाढवू नका. एखादंच बटण दोनदा वाजत असेल तर ते बटणच बदला.

जॉयस्टिकऐवजी दिशांनाही बटणं लावणार असाल, ज्याला लिव्हरलेस म्हणतात, तर एसओसीडी, म्हणजे विरुद्ध दिशा एकत्र दाबल्या गेल्या तर काय करायचं ते सेटिंग, समजून घ्यायलाच हवं. जॉयस्टिक एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही. बटणं मात्र दोन्ही दाबता येतात. अशा वेळी गेमला काय पाठवायचं ते हे सेटिंग ठरवतं. 'न्यूट्रल'मध्ये दोन्ही दिशा रद्द होतात. 'लास्ट विन'मध्ये शेवटी दाबलेली दिशा जिंकते, आणि त्यामुळे मागे दाबून ठेवून चार्ज करायच्या चाली जॉयस्टिकपेक्षा कितीतरी सोप्या होतात. स्ट्रीट फायटर ६ च्या कॅपकॉम प्रो टूर या स्पर्धेच्या नियमांना दोन्ही अक्षांवर (डावी-उजवी आणि वर-खाली) न्यूट्रल लागतं. स्पर्धेत उतरायचं असो वा नसो, सुरुवातीपासून न्यूट्रलवरच हात बसवा. नंतर सवय मोडणं अवघड जातं.

कन्सोलवर काय चालतं

स्विच आणि पीएस३ वर अडचण नाही. सोनीचा पीएस४ मात्र कंट्रोलर मान्यताप्राप्त आहे का ते तपासतो, आणि पुरावा मिळाला नाही तर ८ मिनिटांनी तोडतो. त्यावर उपाय म्हणजे पिकोवरच्या शेजारशेजारच्या दोन जीपी पिना, ५ व्होल्ट आणि ग्राउंड वापरून दुसरा यूएसबी पोर्ट काढायचा आणि त्यात मान्यताप्राप्त उपकरण लावायचं. कन्सोलच्या प्रश्नाचं उत्तर ते उपकरण देतं आणि बटणं तुमची चालतात. पीएस५ च्या आणि एक्सबॉक्सच्या बाबतीतही मार्ग हाच. काही तयार ब्रेकआउट बोर्डांवर हा पोर्ट आधीच असतो; कन्सोलवर खेळायचं हे पक्कं असेल तर नुसता पिको न घेता तसा बोर्ड घेणं शहाणपणाचं.

दिवे आणि पडदा

रंगीत दिव्यांची पट्टी जीपी २८ वर, छोटा १२८ बाय ६४ चा ओलेड पडदा जीपी ० आणि १ वर. दिव्यांना ५ व्होल्ट पिन ४० वरून द्या. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो आणि यूएसबी २ च्या पोर्टची मर्यादा ५०० आहे, म्हणजे आठच दिव्यांत ती संपत येते. ब्राइटनेस कमी ठेवा, नाहीतर कंट्रोलर मधेच डिस्कनेक्ट होऊन पुन्हा जोडला जातो आणि दोष फर्मवेअरवर ढकलला जातो.

बिघडलं तर

एक बटण मेलं असेल तर त्याच्या दोन्ही पातींना वायरच्या तुकड्याने जोडा. टेस्टरवर पेटलं तर बटण खराब. नाही पेटलं तर तार किंवा लग. सलग तीन-चार बटणं मेली तर ग्राउंडची साखळी. बटण कायम दाबलेलं दिसत असेल तर सोल्डरचा थेंब शेजारच्या पिनांना चिकटलाय का ते भिंगाने बघा.

दिशा टेस्टरवर चालतात पण गेममध्ये नाहीत, असं झालं तर बहुतेक वेळा खेळताना सिलेक्ट, स्टार्ट आणि डावी दिशा एकत्र दाबली गेलेली असते. त्या शॉर्टकटने डी-पॅडचं (चार दिशांच्या बटणांचं) काम डाव्या ॲनालॉग स्टिककडे जातं. सिलेक्ट, स्टार्ट आणि खाली एकत्र दाबा, डी-पॅड परत येतो. स्पर्धेत चुकून स्टार्ट दाबून सामना थांबला तर फेरी गमवावी लागू शकते. त्यासाठी ॲड-ऑनमध्ये 'फोकस मोड' आहे: एका रिकाम्या पिनला छोटा चालू-बंद स्विच लावा आणि तो चालू असताना स्टार्ट-सिलेक्ट बंद राहतील असं ठरवा.

पिकोचा मायक्रो यूएसबी पोर्ट हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. बाहेरची केबल थेट त्यात खुपसू नका. खोक्याच्या मागच्या बाजूला पॅनलवर बसणारा यूएसबी सॉकेट लावा, आतून पिकोपर्यंत आखूड केबल न्या आणि ती झिप टायने खोक्याला आवळा. म्हणजे कोणाचा पाय केबलमध्ये अडकला तरी ताण सॉकेटवर येतो, बोर्डावर नाही. फर्मवेअरची नवी आवृत्ती चढवण्याआधी सेटिंगच्या पानावरून बॅकअपची फाइल उतरवून ठेवा, आणि चढवल्यावर पिनांचा नकाशा तोच आहे का ते एकदा टेस्टरवर बघा.